माग नीट करतात, मग गोळी कशी विसरतात?

"मॅडम, नमस्कार. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या पलीकडे राहतो. घरात तेलुगू बोलतो, लिहिण्यात चूकभूल झाली तर समजून घ्या. आमचे हे ४७ वर्षांचे, यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. मी घरी विड्या वळते. वीस-बावीस वर्षं दारू चालली. शेवटची तीन-चार वर्षं सकाळीच सुरू व्हायची, जेवण नावालाच. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दुसऱ्यांदा महिनाभर राहून आले आणि अकराव्या दिवशी पिऊन आले. आता तिसऱ्यांदा सोडलीय. सहा आठवडे झाले, वास नाही, मी रोज बघते. पण डोकं ठिकाणावर नाही. गोळी घेतली का विचारलं तर हो म्हणतात, पाकिटात गोळी तशीच. कधी दोनदा घेतात. तपासणीला जाऊन आलो म्हणाले, गेलेच नव्हते. शेजाऱ्यांना सांगत होते, गेल्या गुरुवारी अक्कलकोटला जाऊन आलो. तिथं जाऊन आम्हाला दोन वर्षं झालीत. चालताना पाय फाकवून टाकतात. मुलगी दहावीला आहे. तिला परवा विचारलं, 'तू कितवीला गं?' तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही.

पण कारखान्यात बंद पडलेला माग दहा मिनिटांत चालू करून देतात. मालक म्हणतात, हात तोच आहे. दीर म्हणतात, माग येतो आणि गोळी विसरतो? सोंग आहे सगळं, मनातून सोडायचीच नाही. त्यांनी एक पावडर आणून दिलीय, चहात गुपचूप घाल म्हणतात. नाहीतर लांब कुठल्या तरी केंद्रात सहा महिने टाकू, उचलून नेऊ म्हणतात. हे सोंग आहे का, मॅडम? आणि मी अजून किती दिवस वाट बघू?"

ताई,

ती पावडर चहात घालू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आत्ता करा, ती पुडी घरातून काढून टाका.

गुपचूप द्यायच्या अशा पावडरीत डायसल्फिराम नावाचं औषध असू शकतं. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो. एरवी तो लगेच पुढे मोडला जातो. हे औषध ती पुढची पायरी अडवतं, मग तो पदार्थ अंगात साठतो. त्यावर कुणी दारू प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवसुद्धा जाऊ शकतो. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. औषध वाईट नाही, मी स्वतः ते लिहून देते. पण ज्याला ते द्यायचं त्याला सगळं समजावून, त्याच्या होकारानं, आधी रक्ततपासणी करून. "सकाळी गोळी घेतलीय, आज प्यायलो तर मरेन" हे संध्याकाळी आठवणं, हेच त्या औषधाचं अर्धं काम असतं. तुमच्या ह्यांना सकाळची गोळी दुपारी आठवत नाही. आणि चहातून जे दिलंय ते तर त्यांना कधी ठाऊकच नसेल. दिरांचा हेतू चांगला असेल, तरी ह्या औषधाशी असा खेळ करता येत नाही.

आता दुसरं, तेही ह्याच आठवड्यात करायचं. तुम्ही सहज लिहून गेलात की ते पाय फाकवून चालतात. मला तुमच्या पत्रातली ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली.

आपल्या मेंदूला साखरेतून ताकद काढायला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ लागतं. सोलापूरच्या जेवणात त्याची वाण नाही. ज्वारीच्या भाकरीत ते असतं, शेंगांच्या चटणीत तर चांगलंच असतं. पण शरीरात त्याचा साठा फार थोडा, साधारण ३० मिलिग्रॅम. रोजच्या रोज भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो संपतो. दारू पिणारा माणूस एक तर जेवत नाही, आणि जे जेवतो त्यातलं थायमिन दारूनं बिघडलेलं आतडं नीट शोषून घेत नाही. साठा संपला की मेंदूतले ठरावीक भाग आधी दुखावतात. डोळ्यांची हालचाल सांभाळणारे, तोल सांभाळणारे, आणि नवी गोष्ट आठवणीत बसवणारे. कार्ल वेर्निके ह्या जर्मन डॉक्टरनं १८८१ मध्ये ह्या आजाराचं तातडीचं रूप लिहून ठेवलं. डोळे थरथरणं किंवा एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गोंधळलेपण. पुढे १८८७ च्या सुमारास सर्गेई कोर्साकोव्ह ह्या रशियन डॉक्टरनं मागं राहणारं रूप लिहिलं. नवं काही लक्षात राहत नाही, आणि रिकामी जागा मन आपोआप जुन्या तुकड्यांनी भरून काढतं. अक्कलकोटची गोष्ट पुन्हा वाचा, ताई. गुरुवार खरा, अक्कलकोट खरं, दर्शनही खरं. फक्त ते दोन वर्षांपूर्वीचं.

तिन्ही लक्षणं एकदम दिसणारे रुग्ण थोडेच असतात. बहुतेकांत एखाद-दुसरंच दिसतं, म्हणून हे निसटतं, घरच्यांकडून आणि दवाखान्यातूनही. तुम्ही त्यांना आपल्या सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात घेऊन जा, किंवा तुमच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे. तिथं सरळ विचारा, "बी-१ ची इंजेक्शनं ह्यांना लागतील का?" आता शेंगा-भाकरी खायला घालून ही कमी लवकर भरून निघत नाही, गोळ्यासुद्धा सुरुवातीला पुरत नाहीत. इंजेक्शन शिरेतून किंवा स्नायूत द्यावं लागतं, त्यानंतर गोळ्या चालू ठेवतात. डोळे थरथरताना दिसले, गोंधळ एकदम वाढला, किंवा उभं राहता येईना, तर बाह्यरुग्ण विभागाची वाट बघू नका. त्याच दिवशी अपघात विभागात न्या.

इथे एक गोष्ट मला पोटतिडकीनं सांगायचीय. अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "एक सलाईन लावा" म्हणायची आपल्याकडे सवय आहे. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्ची पडतं आणि हा आजार उसळू शकतो. म्हणून आधी किंवा सोबत बी-१, मग ग्लुकोज. साखर धोकादायक खाली गेली असेल तर डॉक्टर ग्लुकोज थांबवणार नाहीत, थांबवूही नये. पण ही व्यक्ती अनेक वर्षं दारू पीत होती, हे सलाईनची सुई टोचायच्या आधी तुम्ही तोंडानं सांगितलंच पाहिजे. लाज वाटते म्हणून बायका हे लपवतात. लपवू नका.

डॉक्टर इतर कारणंही तपासतील. दारूच्या नशेत ते कधी डोक्यावर पडले होते का, आठवून बघा. मेंदूवर रक्त हळूहळू साचून आठवड्यांनी त्रास सुरू होतो, आणि तो शस्त्रक्रियेनं बरा होतो. यकृत बिघडलं असेल तरी माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळतो. बी-१२, थायरॉईड बघतील. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आठवण पुसतात, तेव्हा घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

आता माग.

तुमच्या दिरांचा प्रश्न मला रास्त वाटतो. माग येतो आणि गोळी विसरतो, हे कसं? आठवण ही एकच पेटी असती तर हे सोंगच ठरलं असतं. पण आठवणी वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. धोटा कुठं अडकतो, कुठला आवाज आला की कुठला पट्टा बघायचा, हे त्यांना "आठवावं" लागत नाही. पंचवीस वर्षांत ते हातात उतरलंय. ह्या आजारात हातातली आठवण बहुधा शाबूत राहते. सायकल, विणकाम, तुमचं विडी वळणं, सगळं ह्याच जातीचं. जाते ती आजची आठवण. आज सकाळी काय झालं, काल कोण काय म्हणालं, उद्या कुठं जायचंय. म्हणून हात तोच आहे हे मालकांचं म्हणणंही खरं, आणि गोळी विसरले हे तुमचंही खरं.

आणि ह्याचीच दुसरी बाजू आहे, ती मला समजायला बरीच वर्षं लागली. गुत्त्याचा रस्ताही हातापायातच असतो. पाळी सुटली, फाटकातून डावीकडे वळलं, टपरीपाशी थांबलं, खिशात हात गेला. वीस वर्षांत हे सुद्धा माग चालवण्यासारखं झालंय, विचार न करता होणारं. त्या क्षणी न प्यायचं असेल तर तीन कामं एकदम करावी लागतात. सकाळची शपथ आठवायची, चालू झालेले पाय थांबवायचे, आणि दुसरं काहीतरी करायचं ठरवायचं. हे तिन्ही कपाळामागचा मेंदू करतो, आणि दारूनं नेमका तोच दमवलेला असतो. आपण ज्याला इच्छाशक्ती म्हणतो ती हवेत नसते, ती ह्याच भागाच्या आधारानं उभी असते. सकाळी तुमच्यापुढे हात जोडून "आता नाही" म्हणणारा नवरा खोटं बोलत नव्हता, ताई. संध्याकाळी फाटकापाशी ती सकाळ त्याच्याजवळ उरली नव्हती.

मी सुरुवातीच्या काळात अशा माणसांना फार बोलले आहे. वही दिली होती, रोज लिहून आणायला सांगितलं होतं, एक जण तीन वेळा कोरी वही घेऊन आला. मी त्याला म्हटलं, तुम्हाला बरं व्हायचंच नाही. तो काही बोलला नाही, पुन्हा आलाही नाही. त्याच्या स्मरणशक्तीची साधी चाचणी मी केली नव्हती. आज ती पहिल्या महिन्याच्या शेवटी करतेच. दहा-पंधरा मिनिटांची असते. घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. तुमच्या ह्यांची करायला सांगा. ते कितवीपर्यंत शिकलेत आणि घरात तेलुगू बोलतात, हे तपासणाऱ्याला आधी सांगा. नाहीतर कमी शिक्षण आणि परकी भाषा ह्यांचेच गुण कापले जातात. समुपदेशनही तेलुगूतून मिळालं तर मिळवा. सोलापुरात तेलुगू जाणणारा माणूस शोधावा लागत नाही, फक्त मागावा लागतो. दमलेल्या मेंदूला भाषांतराचं ओझं कशाला?

केंद्रातला तो महिना वाया कसा गेला, हेही ह्यातूनच कळतं. दारू सुटल्यावरचे पहिले आठवडे मेंदूसाठी सगळ्यात वाईट असतात, आणि केंद्रातली सगळी व्याख्यानं, गटचर्चा, पुस्तिका नेमक्या त्याच आठवड्यांत उरकल्या जातात. त्यांनी ते ऐकलं असेल, मानही डोलावली असेल. आत काही बसलं नाही. आता सहा आठवडे झालेत, तेच धडे आता पुन्हा घेतले पाहिजेत. अर्ध्या तासाचे, एका वेळी एकच गोष्ट, आणि तुम्ही शेजारी बसून. केंद्राला स्पष्ट विचारा, आठवड्यातून दोनदा छोटी भेट देता येईल का?

मग सोंग कधीच नसतं का? असतं. व्यसनात माणूस खोटं बोलतो, आणि स्मृती गेलेला माणूसही खोटं बोलू शकतो. मी एकच बघते. विसरण्यात त्याचा फायदा आहे का? फक्त पैशाचा हिशेब आणि उशिरा आल्याचं कारण विसरत असेल, बाकी सगळं लख्ख आठवत असेल, तर सावध व्हा. पण स्वतःची आवडती गोष्टही विसरत असेल, जेवून पुन्हा ताट मागत असेल, अक्कलकोटला न जाताच गेलो म्हणत असेल, तर त्यात त्याला काय मिळतं? अक्कलकोटच्या गोष्टीत फायदा कुठंच दिसत नाही.

घरात आता काय करायचं. त्यांचा मेंदू सावरेपर्यंत आठवणीची सोय डोक्याबाहेर करायची. एका भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, त्यावर फक्त तीनच प्रकारच्या गोष्टी लिहा, दवाखाना, कारखाना, घरातलं महत्त्वाचं. दुसऱ्या कागदांची गर्दी नको. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी घ्या, औषधांच्या दुकानात मिळते. सोमवारचा कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, विचारायचंच नाही, भांडायचंच नाही. "आठवतंय का?" हा प्रश्न काही महिने घरातून हद्दपार करा. आठवत नसलं की माणूस अंदाजानं काहीतरी ठोकून देतो, आणि दुखावलेल्या मेंदूत ती चूकच पक्की बसते. त्यापेक्षा सरळ सांगा, "उद्या अकराला सिव्हिल." त्यांच्याकडून म्हणवून घ्या. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणवा, मग अर्ध्या तासानं, मग झोपताना. चुकायची संधीच न देता शिकवणं ह्या आजारात कामी येतं.

आणि फाटक. पाळी सुटताना कुणीतरी तिथं असू द्या. तुम्ही, भाचा, एखादा न पिणारा सहकारी. डावीकडचा रस्ता बंदच समजा, उजवीकडून लांबच्या वाटेनं घरी या, भले पंधरा मिनिटं जास्त लागोत. घरी आल्या आल्या खायला द्या. भूक आणि तलफ एकमेकींसारख्या वाटतात. पगार त्यांच्या हातात न येता तुमच्याकडे येईल असं मालकांशी बोला. हे त्यांच्यासमोर, त्यांच्या होकारानं ठरवा, पाठीमागून नको. पायांनी नवी वाट शिकायला काही महिने लागतात, पण शिकतात. हातापायातली आठवण शाबूत आहे म्हटलं ना, ती आता आपल्या कामाला लावायची.

मालकांना आणखी एक सांगा. तोल नीट होईपर्यंत रात्रपाळी नको, आणि चालू मागात हात घालणं नको. कसब आहे, पण तोल नाही. पट्ट्याशेजारी तोल गेला तर काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दिरांना सांगा, उचलून नेणं हा मार्ग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. होकाराशिवाय दाखल करायचं तर नोंदणी असलेलं केंद्र लागतं, डॉक्टरांची तपासणी लागते, आणि सुरुवातीला तीस दिवसांची मर्यादा असते. कायदा बाजूला ठेवला तरी, जो माणूस सहा आठवडे न पिता घरात राहतोय, कामावर जातोय, त्याला अनोळखी जागी नेऊन टाकलं तर त्याचा गोंधळ वाढेल. ओळखीची भिंत, ओळखीचा माग, ओळखीची बायको, आज ह्याच्याच आधारानं तो उभा आहे. दिरांना खरंच मदत करायची असेल तर आठवड्यातून तीन दिवस त्यांना फाटकापाशी उभं राहायला सांगा.

किती दिवस वाट बघायची, हे तुम्ही विचारलंत. दारू पूर्ण बंद राहिली तर पहिल्या काही आठवड्यांत लक्ष आणि झोप सुधारते. विचार करणं, ठरवणं, थांबणं ह्यात पुढचे कित्येक महिने फरक पडत जातो. वर्षभर, काहींत त्यानंतरही. आक्रसलेला मेंदू काही अंशी पुन्हा भरतो, हे मेंदूच्या एमआरआयसारख्या चित्रणात दिसतं. स्मृतीचं नुकसान थायमिनच्या कमतरतेनं खोलवर झालं असेल तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. काही जण खूप सुधारतात, काही थोडे, काहींना कायमची सोबत लागते. आज मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही, पण सहा आठवड्यांवरून निकालही देणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करून घ्या, आकडे शेजारी ठेवा. मधे घसरले, प्यायले, तर ते संपलं असं नाही, पण घड्याळ बरंचसं मागं जातं. आणि पुन्हा रोजची दारू सुरू झाली तर घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम. दवाखान्यातच बंद करायची.

हे सगळं करताना तुमच्या हजार विड्या कोण वळणार, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला दिसतो. आजार समजला म्हणून राग येणार नाही असं नाही. वीस वर्षांचा राग आहे, तो खरा आहे. त्यांचा मेंदू दुखावलाय म्हणून मार किंवा शिवीगाळ सहन करायची असंही नाही. तसं झालं तर १८१ ह्या महिला हेल्पलाइनला फोन करा, लगेचचा धोका असेल तर ११२ ला. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांचे अल-अ‍ॅनॉन नावाचे गट असतात, जवळ कुठं भरतो ते विचारून घ्या.

मुलीला हे पत्र वाचायला द्या. तिला वाटतंय की बापाला ती कितवीला आहे ह्याची पर्वा नाही. दहावी ह्याच वर्षी सुरू झाली, म्हणजे ती नवी बातमी, आणि नवी बातमीच त्यांच्याकडे टिकत नाहीय. तिचं नाव त्यांना आठवतं, ती लहानपणी कुठं पडली होती, काय खायची, हेही आठवत असेल. तिनं एकदा विचारून बघावं. आणि भिंतीवरच्या त्या कॅलेंडरवर बोर्डाच्या पेपरांच्या तारखा तिनं स्वतःच्या हातानं लिहाव्यात, मोठ्या अक्षरात. रोज सकाळी ते त्यांना वाचायला लावायचं. आठवणीनं नाही, वाचून का होईना, पेपरच्या दिवशी सकाळी ते तिला विचारतील.